रिकाम्या वसतिगृहातला डिसेंबर
प्रश्न : मी परदेशात शिकते. सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले आहे, चार वाजताच अंधारून येते, सकाळी अंथरुणातून उठवत नाही आणि घरी फोन केला की आवाज भरून येतो. हे नुसते एकटेपण आहे का?

उत्तर : एकटेपण आहेच, पण त्यात उजेडाच्या कमतरतेचाही वाटा असू शकतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या प्रकाशावर जुळते. खोलीतल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर ढगाळ दुपारीही बाहेर तो सहसा हजारावर जातो, म्हणून पडदे सारून न थांबता कोट चढवून अर्धा तास बाहेर चाला. ऋतुबदलाशी निगडित नैराश्याचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार रूढ आहे; डोळ्यांचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

फोनवर आवाज भरून आला तर येऊ द्या. घरच्यांपासून तो लपवावा असे मला मुळीच वाटत नाही. संध्याकाळी ज्या खोलीच्या दाराखाली उजेडाची पट्टी दिसेल, ते दार आजच वाजवा. दोन आठवडे मन असेच राहिले, तर विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ घ्या. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर त्याच क्षणी तातडीची मदत मागा.