आधी गोळ्या, मग बंदूक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली खर्चाची यादी मी दोनदा वाचली. नवी रायफल, तिची पेटी, नवं जॅकेट, बूट, हवेचं एक जादा सिलिंडर, नेम धरायच्या साइटचे रंगीत फिल्टर आणि सगळ्यात खाली 24 महिन्यांचा हप्ता, व्याजासकट मांडलेला. हिशोब नीट केला आहेस, बेरीज कुठे चुकलेली नाही. पण अख्ख्या यादीत छर्रे, म्हणजे हवेच्या रायफलीच्या गोळ्या, नाहीत. एक डबीसुद्धा नाही. 'घेऊ की नको' असं तू विचारलंस, त्याचं उत्तर तिथेच आहे.

दहा मीटरच्या मॅचला 60 शॉट. आधीचे साइटर, म्हणजे नेम जुळवायचे शॉट, धरले तर एका सरावाला 80 छर्रे सहज जातात. आठवड्यातून चार दिवस रेंजवर आलीस तर 320. पाचशेची डबी दीड आठवड्यात संपली. आजारपण, सणवार, ऑफिसच्या अडचणी वगळून वर्षाचे 48 आठवडे धरले तरी पंधरा हजारांच्या वर छर्रे होतात, म्हणजे तीसेक डब्या. रेंजची फी, मॅचची प्रवेश फी आणि प्रवास आणखी वेगळे. आता पगारातून हप्ता काढ, भाडं काढ, जेवणखाण काढ. उरलेल्यात तीस डब्या बसवून दाखव. मी बसवून पाहिल्या, निम्म्याही बसत नाहीत.

पुढे काय होतं ते मी इतक्या पोरांच्या बाबतीत पाहिलंय की सांगताना आता चिडच येते. आधी आठवड्यातला एक दिवस सुटतो. मग साठाऐवजी चाळीसच मारून मुलं उठतात, 'आज मूड नाही' म्हणतात. मूड नसतो असं नाही, डबी संपत आलेली असते. मग मॅचची फी भरायची की हप्ता, असा महिना येतो आणि हप्ता जिंकतो, कारण हप्त्याला थांबता येत नाही. शेवटी रायफल पेटीत आणि पेटी कपाटावर. म्हणून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे बाजूला पडल्याशिवाय नवीन हत्यार घ्यायचं नाही. आधी गोळ्या, मग बंदूक.

रेंजवरची जुनी शौकीन मंडळी तुला काय सांगतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्यातच माझं आयुष्य गेलं. ती माणसं खोटं बोलत नाहीत आणि त्यांचं बंदुकीवरचं प्रेम खरं आहे. एखाद्या जुन्या रायफलीच्या बोल्टची घडण ती हातात घेऊन ज्या आदराने दाखवतात, तो आदर मलाही आहे. पण त्यांची काही वाक्यं फार महाग पडतात.

पहिलं वाक्य, 'हत्याराचे पैसे बुडत नाहीत.' चांगल्या बनावटीच्या बंदुकीला वर्षानुवर्षं किंमत राहते, हे बरोबर. पण ती किंमत हातात यायला गिऱ्हाईक लागतं, परवान्याच्या हत्याराला तर परवाना असलेलंच गिऱ्हाईक लागतं, आणि ते तुझ्या अडचणीच्या महिन्यात नेमकं उगवत नाही. गरजेपोटी विकणाऱ्याला भाव कोण देतो? शिवाय बंदुकीची किंमत टिकली तरी भरलेलं व्याज परत येत नाही. हवेच्या रायफलीचं तर आणखी एक आहे. तिच्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो, आणि त्यावर तारीख कोरलेली असते. बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात. त्यानंतर ते मॅचला चालत नाही, बदलावं लागतं. हा खर्च 'बुडत नाही' म्हणणाऱ्यांच्या हिशोबात मी कधी पाहिला नाही.

दुसरं वाक्य, 'घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं.' हे मात्र मला अर्धं मान्य आहे. स्वस्तातला स्कोप किंवा हलक्या प्रतीचा ट्रिगर घेतला की वर्षभरात तोच खर्च परत करावा लागतो. पण चांगलं म्हणजे नवं, असं कुठे लिहिलंय? आणि 'एकदाच' म्हणणारे हेच लोक तीन वर्षांनी पुढचं मॉडेल बघायला जातात. त्यांना परवडतं, जावं. तुझी गोष्ट वेगळी आहे.

तिसरं वाक्य काडतुसं घरी भरणाऱ्यांचं: 'स्वतः भरली की पैसे वाचतात.' मोठ्या सेंटरफायर काडतुसांच्या, म्हणजे बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या, पितळी पुंगळ्या पुन्हा भरता येतात, आणि एका गोळीमागे खर्च खरोखर कमी होतो. पण मी पाहिलेल्या बहुतेकांचा महिन्याचा खर्च तेवढाच राहिला, गोळ्या मात्र जास्त मारल्या गेल्या. याला माझी हरकत नाही, उलट मला तो शहाणपणाचा खर्च वाटतो. तुला त्याचा उपयोग नाही, एवढंच. छर्रा पुन्हा भरायचा नसतो, आणि पुढे .22 च्या रायफलीकडे वळलीस तरी तिचं रिमफायरचं, म्हणजे बुडाच्या कडेला ठोका बसणारं, काडतूस असं पुन्हा भरता येत नाही. तिथे प्रत्येक गोळी नवीनच विकत घ्यावी लागते. आत्ता छर्रे परवडत नसतील, तर .22 चा विचार डोक्यातून काढ.

तू लिहिलंस, 'सर, माझ्या वरच्या क्रमांकाच्या मुलींकडे सगळ्यांकडे नव्या रायफली आहेत.' आहेत. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सने 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं ते कुणाच्या रायफलीवर, माहीत आहे? दुसऱ्याच्या. निवड चाचणीच्या तोंडावर त्याची स्वतःची रायफल कुणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवली होती. एका सहकारी खेळाडूची रायफल त्याने मागून घेतली आणि तिच्यावर तो जगात पहिला आला. त्याच स्पर्धेत थोड्याच दिवसांनी थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या) फायनलमध्ये तो आघाडीवर होता, आणि शेवटचा शॉट त्याने शेजारच्याच्या टार्गेटवर मारला. सुवर्ण गेलं, तो थेट आठवा. एका आठवड्यात मागून आणलेल्या बंदुकीवर सुवर्ण, आणि हातातलं सुवर्ण चुकीच्या टार्गेटवर. यातलं बंदुकीने काय केलं, तूच सांग.

याचा अर्थ कुठलीही बंदूक चालते, असा काढू नकोस. त्याने मागून घेतलेली रायफल ऑलिंपिकच्या तोडीची होती. 2024 ला पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचच्या बाबतीतही लोकांनी असाच उलटा अर्थ काढला. साधा चष्मा, डोळ्यांसमोर ना भिंग ना पट्टी, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक प्रकारात रौप्य. जो तो म्हणायला लागला, बघा, सामान काही लागत नाही. लागतं. त्याच्या हातात अस्सल मॅच पिस्तूल होतं आणि ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. त्याने सामान सोडलं नव्हतं, त्याला न लागणारं सोडलं होतं. काय लागतं आणि काय नाही हे कळायला किती छर्रे मारावे लागतात, याचा विचार कर. पुन्हा तिथेच आलो बघ, छर्ऱ्यांपाशी.

तुझ्या यादीतल्या एका खर्चाला माझा विरोध नाही, जॅकेटला. उभं राहून मारताना कमरेला आणि पाठीला आधार देतं ते जॅकेट, आणि तुझं आता खांद्यात ढिलं झालंय, कापडाचा ताठरपणा गेलाय. नियमात जाडीला 2.5 मिलिमीटरची मर्यादा आहे. त्या मर्यादेत ते अंगाला किती बरोबर बसतं यावरच सगळं येतं. म्हणून दुसऱ्याचं वापरलेलं जॅकेट घेऊ नकोस, स्वतःच्या मापाचं शिवून घे, आणि रोख घे. बूटही हवेतच. फिल्टर नकोत. जादा सिलिंडर नको.

माझ्याबद्दल रेंजवर बोललं जातं ते तुझ्या कानावर आलं असणार. 'सरांनी पैसा सोडला नाही, म्हणून ते वर गेले नाहीत.' आज त्याच्यावर लिहितो. माझ्या बरोबरीच्यांनी कर्ज काढून बंदुका घेतल्या तेव्हा मी घेतली नाही. दोघं माझ्या पुढे गेले. एका निवड चाचणीत माझं नाव थोडक्यात राहिलं, आणि त्याची हळहळ अजून आहे, ती लपवत नाही. चांगलं हत्यार असतं तर झालं असतं का? झालंही असतं कदाचित. पण त्या वर्षांत माझ्या घरात दोन आजारी माणसं होती आणि औषधांचे पैसे कधी कमी पडले नाहीत. मी एकही महिना सराव चुकवला नाही. पुढे गेलेल्या दोघांपैकी एकाने हप्ते संपायच्या आत खेळ सोडला. मी अजून मारतो. लोकांना यात कंजूषपणा दिसत असेल तर दिसू दे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही, आणि तुला हे पत्र लिहिताना मी त्याच बाजूने उभा आहे.

आणखी एक. कुणीतरी तुला म्हटलंय की एकटी राहतेस, तर घरात एक पिस्तूल असावं, बाकी खर्च मागेपुढे होतात. बाकी खर्च मागेपुढे होत नाहीत. भाडं, औषध, आईला पाठवायचे पैसे आणि अडीनडीला तीन-चार महिने निघतील एवढी गंगाजळी हे आधी, हौस नंतर, आणि हत्यार त्याच्याही नंतर. जो माणूस रक्षणासाठी पिस्तूल घेतो आणि पुढे काडतुसं महाग म्हणून सराव करत नाही, त्याच्याजवळ रक्षण नसतं, फक्त धोका असतो. पिस्तुलाबरोबर भक्कम तिजोरी आली, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवणं आलं, दरमहा रेंजवर जाणं आलं. हे सगळं परवडणार असेल तर बोलू. आणि हे मी तुला माया म्हणून लिहितो, घाबरवायला नव्हे: कर्जाने किंवा काळजीने मन खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक असणं ही वाईट गोष्ट आहे. एका वाईट रात्रीत माणूस जे करून बसतो ते परत फिरवता येत नाही. असा काळ कधी आला, तर हत्यार घरात ठेवायचं नाही, कायद्याला धरून दुसरीकडे सुरक्षित ठेवायचं, आणि मला किंवा कुणाला तरी त्याच दिवशी सांगायचं. लाज वाटून घ्यायची नाही.

आता तुझ्या स्कोअरकडे. साठ शॉटना तुझे 612 येतात, म्हणजे सरासरी 10.2. तुला वाटतं क्लबची रायफल तुला अडवते आहे. तुझ्या मागच्या तीन टार्गेटच्या प्रती मी समोर घेऊन बसलो. पहिल्या सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्या दहा शॉटमध्ये, 10.4, 10.5, 10.3. मग दर सिरीजच्या सातव्या-आठव्या शॉटला 9.4, 9.6, आणि तेही बहुतेक उजवीकडे खाली. बंदूक खराब असती तर तिने सातव्या शॉटची वाट पाहिली नसती, पहिल्यापासून गोळ्या विखुरल्या असत्या. तू श्वास लांबवतेस, चौथ्या-पाचव्या सेकंदाला नेम हलायला लागतो आणि रायफल खाली घ्यायच्या ऐवजी घाईने ट्रिगर ओढतेस. रायफल खाली घे, श्वास घे, परत उचल. हे फुकट आहे. घरी भिंतीवर काळा ठिपका लाव आणि रोज पंधरा मिनिटं ड्राय फायर कर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढ. क्लबच्या रायफलीला त्यासाठी वेगळी कळ आहे, हवा सुटत नाही, फक्त ट्रिगर सुटतो. सुटण्याच्या क्षणी साइट कुठे होती ते तोंडाने म्हणायचं, 'उजवीकडे', 'मध्ये', 'खाली'. म्हणता आलं नाही, तर तू पाहिलंच नव्हतंस. पण हा सराव छर्ऱ्यांच्या जागी करायचा नाही, छर्ऱ्यांच्या जोडीला करायचा.

आणि माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नकोस, तपासून घे. शनिवारी क्लबमध्ये रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, घट्ट बसवायला सांग आणि दहा मीटरवर न हलवता दहा छर्रे मार. छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नळीतून दहाही छर्रे एकमेकांवर पडून एकच भोक व्हायला हवं, एका छर्ऱ्याहून जेमतेम मोठं. पसरले तर आधी दुसऱ्या जातीचा छर्रा घालून बघ, नळी पुसून बघ, स्क्रू घट्ट आहेत का बघ. तरीही पसरले तर मी म्हणेन, तुझी तक्रार खरी, रायफल बदल. तेव्हासुद्धा नवी नको. क्लबमध्ये एक वापरलेली विकायला आहे. सिलिंडरची तारीख वाच, नळीचं तोंड भिंगाने बघ, बट (खांद्याला टेकणारा भाग) तुझ्या मापाला सरकते का ते बघ, आणि मालकाला तुझ्यासमोर पन्नास शॉट मारायला लाव.

हप्त्याच्या कागदावर तोवर सही करू नकोस. व्हाइसवरचं टार्गेट मला पाठव, शेजारी छर्ऱ्यांच्या डब्यांचा वर्षाचा हिशोब लिहून. भोक मोठं निघालं आणि तीस डब्यांचे पैसे बाजूला पडलेले असले, तर ती वापरलेली रायफल बघायला मी स्वतः तुझ्याबरोबर येतो.

तुझे,
सर