हापूसच्या पेटीत निघालेली ओली पुडी कार्बाइडची असते का? आणि मटेरियल केमिस्ट्री शिकून आंब्यावर संशोधन करता येतं का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. वाशीच्या फळबाजारातून आणलेल्या पेटीत आंब्यांच्या मधे पावडरीची ओलसर पुडी निघाली, ती कार्बाइडची का? आणि ठाण्यात एम.एस्सी. करून पुढे मटेरियल केमिस्ट्रीत जायचंय, पण गावी कलमं आहेत, आंब्याशी नातं तुटू नये, तर असं काही संशोधन असतं का? मी महाप्याच्या एमआयडीसीत पॅकेजिंगच्या आर अँड डीमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. फळांच्या पिशवीत नि पेटीत काय घालावं, काय घालू नये, हाच आमचा उद्योग. त्यामुळे दोन्हींवर बोलते. तसेही ते दोन्ही प्रश्न एकाच वायूभोवती फिरतात.

आधी पुडी. हल्ली पेटीत निघते ती छोटी, कागदी, भोकं असलेली पुडी बहुतेक वेळा इथेफॉनची असते. इथेफॉन म्हणजे २-क्लोरोइथिल फॉस्फॉनिक आम्ल. आम्लधर्मी वातावरणात ते शांत असतं. पीएच चार-पाचच्या वर गेला की मोडतं आणि इथिलीन वायू, क्लोराइड व फॉस्फेट सुटतं. म्हणून पुडीत त्याच्या जोडीला अल्कली घातलेली असते. गाळ्यावरचा माणूस पुडी पाण्यात बुचकळून पेटीत टाकतो तो ही क्रिया सुरू व्हावी म्हणून. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ साली फळं पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) इथिलीन वायू वापरायला परवानगी दिली. पुडीतून तो वायू तयार करायलाही मनाई नाही, फक्त पुडी फळाला टेकता कामा नये, आणि फळं इथेफॉनच्या द्रावणात बुडवायची तर अजिबात नाहीत. तुमच्या वर्णनानुसार पुडी आंब्यांना चिकटूनच होती. म्हणजे माल चालण्यासारखा, पण ठेवण्याची पद्धत बेकायदा. आंबे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढून खा. पुडी मात्र घरात लहान मुलं असतील तर लगेच टाकून द्या, आतली भुकटी डोळ्यांत गेली तर झोंबेल.

कार्बाइडची पुडी वेगळी दिसते. राखाडी खडे कागदात बांधलेले असतात. ओल लागली की ते गरम होतात, लसणासारखा वास सुटतो आणि शेवटी पांढरट चुना उरतो. कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी यांतून ॲसिटिलीन निघतो. त्याचा रेणू इथिलीनसारखा दिसतो खरा, पण फळावर त्याचा परिणाम इथिलीनच्या तुलनेत दोन-तीन हजार पटींनी कमी. म्हणूनच ढीगभर लागतं. खरा धोका वेगळाच आहे. वेल्डिंगसाठी बनवलेल्या कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिकची अशुद्धी असते, तिच्यातून फॉस्फिन आणि आर्सिन हे विषारी वायू निघतात. तो लसणासारखा वास फॉस्फिनसारख्या अशुद्धींचाच. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी फळं पिकवायला याचा वापर बंद केलेला आहे.

व्हॉट्सॲपवर दर एप्रिलमध्ये ‘पुडी म्हणजे विष’ असे संदेश फिरतात, त्यात या दोन पुड्यांची सरमिसळ असते. आणि आंबा बाहेरून पिवळा, आत आंबट निघाला की दोष पुडीला लागतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा गुन्हेगार झाडाखाली असतो, पेटीत नव्हे. कोकणात चौदा आणे तयार फळ काढायचं असं जुनी माणसं सांगत. हंगामाच्या तोंडाला भाव चढा असतो म्हणून बारा आणे, दहा आणे फळ उतरवलं जातं. त्यात पुरेसा स्टार्चच साठलेला नसतो, मग त्याची साखर कुठून होणार? इथिलीन सालीचा रंग बदलतो, गर मऊ करतो. फळाने कमावलेलंच नाही ते आणून देत नाही. साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग, तोही त्याने जात नाही, तो फळ झाडावर असतानाच आत बसलेला असतो.

आता या वायूकडे, इथिलीनकडे या, कारण तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुरू होतो. दोन कार्बन, चार हायड्रोजन, मधे दुहेरी बंध. १९०१ साली रशियात दिमित्री नेल्युबोव्ह यांना दिसलं की प्रयोगशाळेच्या हवेत वाटाण्याची रोपं सरळ वाढायची सोडून आडवी होतात, आणि कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. १९३४ साली रिचर्ड गेन यांनी दाखवलं की सफरचंद हा वायू स्वतःच बनवतं. १९७९ मध्ये शांग फा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाट शोधली: मेथिओनिन या अमिनो आम्लापासून एसीसी नावाचा मधला रेणू, आणि त्यातून इथिलीन. आपली आढी याच वायूवर चालते. पेंढ्यात आंबे दाबून ठेवले की त्यांनीच सोडलेलं इथिलीन आणि ऊब तिथल्या तिथे कोंडली जाते, आणि एक फळ पिकायला लागलं की शेजारचीही लागतात.

केमिस्टचे कान टवकारले जावेत अशी गोष्ट पुढे आहे. वनस्पतीच्या पेशीत इथिलीन ओळखणारं जे प्रथिन असतं, त्याच्या आत तांब्याचा आयन बसलेला असतो. हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. एक संयुजेचं तांबं इथिलीनच्या दुहेरी बंधाला धरतं, तुम्ही ऑर्गेनोमेटॅलिकच्या पेपरात शिकता तसाच पाय-कॉम्प्लेक्स, म्हणजे दुहेरी बंधातल्या इलेक्ट्रॉनांनी धातूशी जुळलेली जोडी. पेट्रोकेमिकलमध्ये इथेन आणि इथिलीन वेगळे करायला तांबं किंवा चांदी घातलेले झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्यांची चौकट असलेले, ॲल्युमिनियम आणि सिलिकाचे पदार्थ) अभ्यासले जातात, तत्त्व हेच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एके काळी नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातला नॅफ्था तोडणारा कारखाना, होता, तिथे हाच वायू टनांनी तयार व्हायचा. आता त्याच पट्ट्याच्या टोकाला, वाशीत, आम्ही तो पीपीएममध्ये मोजतो. फळाला जाग यायला हवेत ०.१ ते १ पीपीएम पुरतं.

पिकवणं सोपं आहे. रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएम इथिलीन, वीस-बावीस अंश तापमान, भरपूर दमटपणा, चोवीस तासांच्या आत वायूचं काम होतं, फक्त मधूनमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो. अवघड आहे ते उलटं. रत्नागिरीहून निघालेलं फळ वाटेत पिकू न देणं, बोटीने जाणारं फळ तीन आठवडे थांबवून ठेवणं. इथे मटेरियल केमिस्ट्री लागते.

एक जुना मार्ग म्हणजे पोटॅशियम परमँगनेटने इथिलीन जाळून टाकणं. ॲल्युमिनाच्या दाण्यांवर ते ४ ते ६ टक्के चढवतात, जांभळा दाणा तपकिरी झाला की संपला. हिशेब करून बघा. इथिलीनचा एक रेणू पूर्ण जाळायला परमँगनेटचे चार रेणू लागतात. ५ टक्क्यांचे ५ ग्रॅम दाणे घेतले तर त्यात पाव ग्रॅम परमँगनेट, म्हणजे फार तर ९-१० मिलिलिटर इथिलीन. पिकणारा आंबा किलोमागे तासाला ५ मायक्रोलिटर सोडतो असं धरलं, तर ५ किलोच्या पेटीतून दिवसाला साधारण ०.६ मिलिलिटर. कागदावर पुडी पंधरा-सोळा दिवस टिकायला हवी. प्रत्यक्षात बरीच आधी संपते. परमँगनेटला इथिलीनशी विशेष प्रेम नाही, ते समोर येईल ते ऑक्सिडाइझ करतं, आणि हापूससारखं वासाचं फळ अल्डिहाइड, अल्कोहोल काय काय सोडत असतं. शिवाय आपल्या पेटीला भोकं असतात. भोकांच्या पेटीत शोषक पुडी ठेवणं म्हणजे अख्ख्या ट्रकमधलं इथिलीन ओढायला बसणं. बंद पिशवी वापरावी तर आत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाणी सुटतं.

आणि हे पाणीच या क्षेत्रातला खरा शत्रू आहे. झिओलाइटचं उदाहरण घ्या. त्यात तांबं, चांदी किंवा पॅलेडियम बसवायचं तर चौकटीत ॲल्युमिनियम हवं, कारण त्याच्यामुळे निर्माण होणाऱ्या ऋण भारापाशीच धातूचा आयन टिकतो. पण ॲल्युमिनियम जितकं जास्त, तितकी चौकट पाण्याला जास्त ओढते. पेटीत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, इथिलीन एखाद-दुसरा पीपीएम. पाण्याचे हजारो रेणू दारात उभे असताना इथिलीनच्या एका रेणूला आत जागा कोण देणार? सिलिकाचं प्रमाण वाढवून चौकट पाण्याला नकोशी करावी तर धातूला बसायला जागा कमी. हा पेच अजून पूर्ण सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये पॅलेडियम घातलेल्या झिओलाइटवर काम झालं, २००७ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष आले, आणि तो दमट हवेतही इथिलीन धरतो असं दिसलं. पण पॅलेडियमचा भाव बघा आणि आंब्याच्या पेटीचा बघा. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठाने २०१३ मध्ये सच्छिद्र सिलिकावर प्लॅटिनमचे नॅनोकण बसवून शून्य अंशालाही इथिलीन जाळून दाखवलं. त्यात उत्प्रेरक संपत नाही, म्हणून फ्रिजसाठी ते जमतं. एकदा वापरून फेकायच्या पुडीसाठी नाही.

दुसरी वाट मला जास्त देखणी वाटते. इथिलीनला पकडायचंच नाही, त्याची जागाच अडवायची. १-मिथिलसायक्लोप्रोपीन, बोलीत १-एमसीपी, हा छोटा रेणू त्या तांब्यावर जाऊन बसतो आणि ट्रान्सहार्बरवर ठाण्याला खिडकी पकडून पनवेलपर्यंत न उठणाऱ्या प्रवाशासारखा बसूनच राहतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी तो शोधला, १९९६ मध्ये पेटंट मिळालं. अडचण अशी की तो वायू आहे आणि अस्थिर आहे, बाटलीत भरून विकता येत नाही. तोडगा निघाला अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये. स्टार्चपासून मिळणारं, सहा ग्लुकोजचं हे कडं. त्याच्या पोकळीत रेणू अडकवला की पांढरी पावडर मिळते, पाण्यात टाकली की वायू मोकळा होतो. सफरचंदाच्या गोदामाला हे उत्तम, कारण सगळा वायू एकदम हवा असतो. आंब्याच्या पेटीत तो हळूहळू सुटायला हवा, आणि तिथला दमटपणा त्याला घाईने बाहेर काढतो. मात्रा जास्त झाली तर केळ्यासारख्या फळाचा रंग चट्ट्याचट्ट्यांनी येतो. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कला, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र चौकटींना, मिळालं, त्यांच्या पोकळ्यांत इथिलीन आणि १-एमसीपी साठवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यातल्या बऱ्याच चौकटींना पाणी सोसत नाही. पुन्हा तेच.

द्राक्षांबद्दल चटकन सांगते, कारण लोक घोळ करतात. नाशिकच्या पेटीतला ग्रेप गार्डचा कागद इथिलीनसाठी नसतो. द्राक्ष तोडल्यावर पिकतच नाही. त्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, पेटीतल्या दमटपणाने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी रोखतो. तिथे पाणी शत्रू नाही, कामगार आहे. हे मला फार हुशारीचं डिझाइन वाटतं.

तर संशोधन आहे का? आहे, आणि माणसं कमी आहेत. पेपर खूप निघतात, पण कोरड्या नायट्रोजनमध्ये, शेकडो-हजारो पीपीएम इथिलीनवर शोषण मोजून ‘फळांसाठी उपयुक्त’ असं शेवटच्या ओळीत लिहिलेले. असा पेपर हाती आला की आर्द्रता किती होती तो आकडा आधी शोधा. नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना मी हेच विचारते, आणि बहुतेक जण बीईटी पृष्ठफळ, म्हणजे पदार्थाच्या ग्रॅममागे किती पृष्ठभाग आहे तो आकडा, सांगायला लागतात.

जागांचं म्हणाल तर पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आधी बघा. तिथे सच्छिद्र पदार्थांवर काम करणारे रसायनज्ञ आणि हापूसच्या वासावर, तो बनवणाऱ्या जनुकांवर वर्षानुवर्षं काम केलेले वनस्पतीशास्त्रज्ञ एकाच आवारात आहेत. हापूसला बाहेरून इथिलीन दिलं तर त्याच्या सुगंधी द्रव्यांत काय बदल होतात, हेही त्यांनी तपासलंय. माटुंग्याला आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था) आणि सिरकॉट, दोन्ही तुमच्या ठाण्याहून लोकलने जाण्यासारखे. सिरकॉट कापसाची संस्था, पण नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प त्यांच्याकडे आहे, आणि पेटीतल्या पुडीचं आवरण प्लॅस्टिकचं नको असेल तर तिकडे जावं लागेल. ट्रॉम्बेला बीएआरसीत अन्न तंत्रज्ञान आणि शेती दोन्ही विभाग आहेत. वाशीतलं आंबा विकिरण केंद्र अमेरिकेला जाणाऱ्या फळाला किमान ४०० ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मात्रा देतं. ते कोयीतल्या भुंग्यासाठी आणि इतर किडींसाठी, पिकण्यासाठी नव्हे. पण विकिरणानंतर फळाचं इथिलीन कसं वागतं आणि पेटीतल्या शोषकाने त्यात काय फरक पडतो, हा तुमच्यासारखीला धरण्याजोगा विषय आहे. फळाच्या बाजूने सल्ला हवा तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि त्यांचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला नवा पदार्थ बनवायच्या फंदात पडू नका. बाजारात मिळणारे दोन-तीन झिओलाइट घ्या, एकात तांबं बसवा, काचेच्या बंद बरणीत फळासोबत ठेवा आणि एफआयडी, म्हणजे ज्योतीवर चालणारा शोधक, लावलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर इथिलीन मोजा. एकदा कोरड्या हवेत, एकदा ९० टक्के आर्द्रतेत. पोटॅशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाची वाटी बरणीत ठेवलीत तर आर्द्रता नव्वदीच्या थोडी वर राहते, महागडं यंत्र लागत नाही. फक्त हापूस हाती येतो तेव्हाच परीक्षा असतात आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही, म्हणून बरण्यांची झाकणं, सेप्टम (सुईने वायू काढायची रबरी चकती), गळती हे सगळं डिसेंबरातच वसईच्या किंवा जळगावच्या हिरव्या केळ्यांवर तपासून ठेवा. ती तुर्भ्याला बारा महिने मिळतात.