मुंबईतील फ्लॅटमध्ये ग्रेट डेन पाळल्यास कोणते आजार उद्भवतात आणि उपचारांचा खर्च कितपत येतो?

खर्चाचा मुख्य आधार वजन हा आहे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन साधारण ५० ते ८० किलोंचा असतो आणि भूल, प्रतिजैविके, जंताचे औषध, गोचिडांवरील औषध हे सारे वजनानुसार द्यावे लागत असल्याने, लहान कुत्र्याच्या तुलनेत प्रत्येक बिल काही पटींनी वाढते.

सर्वांत घातक आजार म्हणजे जठर फुगून त्याला पीळ पडणे. पोट ताठरणे, लाळ गळणे आणि उलटीचे उमाळे येऊनही काहीच बाहेर न पडणे ही लक्षणे दिसताच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते, कारण काही तासांत प्राणी दगावू शकतो. संध्याकाळच्या वाहतुकीचा विचार करता, रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय आधीच शोधून ठेवावे. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेतल्यास पीळ पडण्याचा धोका बराच घटतो, आणि माझ्या मते हा खर्च टाळू नये.

हृदयाचे स्नायू कमकुवत होणे, खुब्याच्या सांध्याचे दोष आणि हाडांचा कर्करोग हेही या जातीत आढळतात. मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) लस आणि गोचीडतापापासून संरक्षण अत्यावश्यक आहे, मग जात कोणतीही असो.

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे रुग्णालय जुने असून खासगी दवाखान्यांशी दरांची तुलना करण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. विमा घेणार असाल, तर आनुवंशिक आजार वगळले आहेत का, हे आधी तपासावे.