मोठे राज्य मोडावे का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. शेजारचे छत्तीसगड वेगळे झाले आणि सुधारले, असे इथे जवळजवळ प्रत्येक सभेत ऐकू येते. मोठ्या राज्याची लहान राज्ये केली की कारभार सुधारतोच, असे खरोखर म्हणता येईल का? तसे असेल, तर तोच न्याय विदर्भाला का लागू होऊ नये?

उत्तर : छत्तीसगड 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, 15 नोव्हेंबरला, झारखंड. दोन्ही राज्ये खनिजसंपन्न, दोन्हींत आदिवासींची संख्या मोठी, आणि दोन्ही मोठ्या राज्यांतून निघालेली. तरीही छत्तीसगडमध्ये 2003 पासून 2018 पर्यंत सलग पंधरा वर्षे एकच मुख्यमंत्री राहिले, तर झारखंडमध्ये सरकारे एकामागून एक पडत गेली, तीन वेळा राष्ट्रपती राजवट लागू करावी लागली आणि 2006 मध्ये तर चक्क एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाले. सरकार टिकले म्हणजे कारभार चांगला झाला असे नव्हे, हे मान्यच आहे. पण आकार लहान असणे हेच सुधारणेचे कारण असते, तर एकाच महिन्यात जन्मलेल्या या दोन भावंडांची वाट इतकी वेगळी झाली नसती. उलट, 81 जागांच्या विधानसभेत चार-पाच अपक्षांच्या हाती सरकारची दोरी जाते, हा लहान राज्याचा एक धोका झारखंडने दाखवून दिला. सभांमध्ये छत्तीसगडचे नाव निघते आणि झारखंडचे निघत नाही, यात नवल नाही.

म्हणून 'लहान राज्य म्हणजे चांगला कारभार' हे सूत्र मी बाजूला ठेवतो. वेगळ्या राज्याच्या मागणीला खरे बळ दुसऱ्याच गोष्टीतून मिळते : एखादा प्रदेश विधानसभेत कायमचा अल्पसंख्य असणे. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 जागा आहेत आणि विदर्भाच्या 11 जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतील 62 येतात. विदर्भातील सारे आमदार पक्षभेद विसरून एकत्र आले, तरी धरणाचा किंवा निधीचा निर्णय त्यांना केवळ स्वतःच्या बळावर करून घेता येत नाही. ही अडचण विदर्भाने महाराष्ट्रात यावे म्हणून झालेल्या 1953 च्या नागपूर कराराच्या वेळीही सर्वांना दिसत होती. म्हणूनच लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि दर वर्षी नागपुरात विधिमंडळाचे एक अधिवेशन, अशी आश्वासने त्यात दिली गेली. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये विदर्भ वेगळा ठेवावा अशी शिफारस केली, ती मानली गेली नाही. पुढे दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्यातील अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, सुमारे 3,187 कोटी रुपयांचा असल्याचे मोजून दाखवले, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के होता. घटनेच्या अनुच्छेद 371(2) खालील विकास मंडळे यायला 1994 साल उजाडले, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदतही संपली. आश्वासन, समिती, मंडळ आणि मुदतवाढ या फेऱ्यात दोन पिढ्या गेल्या. विदर्भवाद्यांची तक्रार निराधार आहे, असे म्हणणाऱ्याने हा इतिहास एकदा क्रमाने वाचावा.

पण तक्रार खरी असणे आणि सुचवलेला उपाय तिला लागू पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिरोंचा तालुक्यातील माणसाचे उदाहरण घ्या. मुंबई त्याच्यापासून फार दूर आहे, हे खरेच. पण त्याचे स्वतःचे जिल्हा मुख्यालय, गडचिरोली, हेसुद्धा सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. राजधानी नागपूरला आली म्हणून त्याचे हे अंतर तसूभरही कमी होणार नाही. ते कमी होईल जिल्हा विभागल्याने, तहसील कार्यालयांत माणसे भरल्याने आणि जिल्हा परिषदेच्या हाती पैसा दिल्याने. त्यासाठी वेगळे राज्य लागत नाही. तेलंगणाने राज्य झाल्यावर मूळच्या 10 जिल्ह्यांचे टप्प्याटप्प्याने 33 केले, हे वेगळ्या राज्याचे यश म्हणून सांगितले जाते. परंतु ज्यातून तेलंगण निघाले, त्या आंध्र प्रदेशानेही 2022 मध्ये आपल्या 13 जिल्ह्यांचे 26 केले आणि त्यासाठी त्याला आणखी एकदा फुटावे लागले नाही.

दुसरी गोष्ट विदर्भाच्या आतली आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. आजच्या 62 जागांपैकी 32 नागपूर विभागात आणि 30 अमरावती विभागात आहेत. 62 सदस्यांच्या सभागृहात बहुमताला 32 लागतात. सिंचनाचा अनुशेष मात्र मुख्यतः अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत साचलेला आहे. जागांची ही विभागणी कायम राहिली, तर जी तक्रार आज विदर्भ मुंबईविरुद्ध मांडतो, तीच उद्या वऱ्हाड नागपूरविरुद्ध मांडील, आणि तेव्हा महाराष्ट्रासाठी असलेल्या अनुच्छेद 371(2) चा आधारही त्याला उरणार नाही. माझ्या मते विदर्भाची मागणी नाकारण्याजोगी नाही; पण ती करणाऱ्यांनी वऱ्हाडाच्या पाण्याचे आणि निधीचे काय होणार, हे राज्य होण्याआधीच कायद्याच्या भाषेत लिहून द्यायला हवे. नागपूर कराराचा अनुभव असलेल्यांना याचे महत्त्व मी सांगायला नको.

मराठी माणसांची दोन राज्ये कशी होऊ शकतात, असा आक्षेप आपण विचारलेला नाही, पण तो नेहमी येतो. डॉ. आंबेडकरांनी 1955 मध्येच एका राज्याची एक भाषा असावी, मात्र एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, हा भेद मांडला होता आणि मराठी भाषकांची मुंबईसह चार राज्ये सुचवली होती. हिंदी भाषकांची अनेक राज्ये आहेत आणि त्यामुळे हिंदीचे काही बिघडलेले नाही. उत्तर प्रदेशाचा प्रश्न याहून वेगळा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जवळपास 20 कोटी लोकसंख्या आणि लोकसभेच्या 80 जागा असलेले हे राज्य आहे. एवढे मोठे राज्य संघराज्याचा तोल बिघडवते, हा मुद्दा फाजल अली आयोगाचे सदस्य सरदार पणिक्कर यांनी 1955 मध्येच आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या आपल्या स्वतंत्र टिपणात मांडला होता. तिथे विभाजन त्या राज्यातील लोकांइतकेच इतर राज्यांच्याही हिताचे आहे, आणि मला ती बाजू विदर्भापेक्षाही भक्कम वाटते. तिथल्या विधानसभेने नोव्हेंबर 2011 मध्ये चार राज्यांचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला.

प्रश्न : एका राज्याची दोन केली म्हणजे मंत्री दुप्पट, बंगले दुप्पट, गाड्या दुप्पट. हा खर्च सामान्य करदात्याने का सोसावा?

उत्तर : मंत्र्यांचा हिशेब आपण समजता तसा नाही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांच्या आत ठेवली आहे. लहान राज्यांसाठी ही मर्यादा 12 पेक्षा खाली जात नाही. आज महाराष्ट्रात जास्तीत जास्त 43 मंत्री होऊ शकतात. विदर्भ वेगळा झाल्यास तिथे 12 आणि उर्वरित 226 जागांच्या महाराष्ट्रात 33, म्हणजे एकूण 45. वाढ दोन मंत्र्यांची. बंगल्यांवरचा राग समजू शकतो, पण त्यावर विभाजनाचा निर्णय करू नये.

खरा खर्च आणि खरे भांडण राजधानी, पाणी आणि महसूल यांवर होते. पंजाब आणि हरियाणा 1 नोव्हेंबर 1966 रोजी वेगळे झाले. चंडीगडचा आणि सतलज-यमुना कालव्याचा वाद अजून मिटलेला नाही. हैदराबाद तेलंगणाकडे गेल्यावर आंध्र प्रदेशाला राजधानी कोऱ्या जमिनीपासून उभारण्याची वेळ आली. विदर्भाची स्थिती या बाबतीत बरी आहे, कारण नागपूर 1956 पर्यंत राजधानी होते आणि तिथे विधान भवन, उच्च न्यायालयाचे खंडपीठ अशी व्यवस्था आजही आहे.

महसुलाबाबत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. 'कोळसा आमचा, वीज आमची, मग पैसा मुंबईला का?' हे वाक्य टाळ्या घेते. कोळशावरील स्वामित्वधन (रॉयल्टी) खाण असलेल्या राज्याला मिळते, हे बरोबर आहे. पण विजेवरचा कर जिथे वीज वापरली जाते त्या राज्याच्या तिजोरीत जातो आणि परराज्यात विकलेल्या विजेवर उत्पादक राज्याला कर लावता येत नाही. जुलै 2017 पासून लागू असलेल्या वस्तू व सेवा करातही राज्याचा वाटा माल जिथे खपतो तिथे जातो, जिथे बनतो तिथे नाही. म्हणजे चंद्रपूरची वीज पुण्या-मुंबईत वापरली गेली, तर वेगळ्या विदर्भाला तिची किंमत मिळेल, तिच्यावरचा कर मिळणार नाही. धुराचा आणि राखेचा वाटा मात्र चंद्रपूरकरांकडेच राहील. नव्या राज्याचा अर्थसंकल्प मांडून दाखवणाऱ्यांना हे आकडे कसे धरले आहेत, ते जरूर विचारावे.

प्रश्न : महाराष्ट्राच्या विधानसभेने नकार दिला, तर केंद्र सरकार राज्याचे विभाजन करू शकते का?

उत्तर : करू शकते. अनुच्छेद 3 प्रमाणे असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच संसदेत मांडता येते आणि त्याआधी ते संबंधित विधिमंडळाकडे ठराविक मुदतीत मत देण्यासाठी पाठवावे लागते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. संसदेत साधे बहुमत पुरते. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये विधेयक फेटाळले आणि पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले. या नियमाचा कस सर्वप्रथम आपल्याच राज्यात लागला होता : 1956 मध्ये विधिमंडळांकडे मतासाठी पाठवलेल्या विधेयकात मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन वेगळे घटक होते, संसदेने मात्र त्यांचे एकच द्विभाषिक मुंबई राज्य केले. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत घ्यायला हवे होते, हा बाबुलाल पराते यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये फेटाळला. न्यायालयाने वैध ठरवलेले ते द्विभाषिक राज्य 1 मे 1960 रोजी विसर्जित झाले.