गुन्हा केलाय हे माहीत असूनही वकील आरोपीला निर्दोष कसं म्हणतात?

मुळात जाणता वकील तसं म्हणतच नाही. अशील दोषी की निर्दोष, हे स्वतःचं मत कोर्टापुढे मांडायचं नसतं. आरोप शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची. त्यांनी आणलेला पुरावा शिक्षा द्यायला पुरेसा आहे का, हे तपासणं आम्हा बचावाच्या वकिलांचं काम.

अशिलाने आमच्यापाशी कबुली दिली तर? १८४० साली लंडनमध्ये हेच झालं. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालू असताना आरोपी नोकर कूर्व्हॉझिए याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांना खून केल्याचं सांगितलं, वर बचाव सोडू नका म्हणाला. फिलिप्सनी न्यायाधीश पार्क यांना विचारलं. उत्तर मिळालं: बचाव चालू ठेवा, पुराव्यातून निघणारे रास्त मुद्दे मांडा. (आरोपीला फाशी झालीच.) रेघ आजही साधारण तिथेच आहे. पुरावा अपुरा आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण घटनेवेळी अशील दुसरीकडे होता असा खोटा साक्षीदार उभा करता येत नाही, की गुन्हा दुसऱ्याने केला असं सुचवता येत नाही.

खरी मेहनत उलटतपासणीत असते, आणि ती जबाबांच्या कागदांवर आधी घरी झालेली असते. समजा, साक्षीदार म्हणतो, 'रात्री मी याला चाकू घेऊन पळताना पाहिलं.' त्याला खोटारडा म्हणून काही हाती लागत नाही. उजेड कुठून येत होता, अंतर किती, चेहरा समोरून दिसला की बाजूने, किती सेकंद, आधीची ओळख होती का, हे एकेक करून विचारायचं. मग पोलिसांना दिलेला पहिला जबाब काढायचा. त्यात चाकूच नसेल, तर एवढी मोठी गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती इतकं नोंदीवर आणायचं आणि खाली बसायचं. नवखा वकील इथे 'का नाही सांगितलं?' विचारतो, साक्षीदार 'घाबरलो होतो' म्हणतो आणि मिळवलेलं सगळं पाण्यात.

मुद्देमालाचंही तसंच. जप्ती ते प्रयोगशाळा या प्रवासात तो कुणाच्या ताब्यात होता, सील कुणी लावलं, पोचपावतीवर तोच सील क्रमांक आहे का? मधल्या चार दिवसांची नोंदच नसेल, तर अहवाल कितीही ठाम असला तरी तपासलेली वस्तू तीच, हे सांगणार कोण?

हे सगळं वकील वेळेवर मिळाला तर. संयुक्त राष्ट्रांच्या हवाना येथील १९९० च्या परिषदेने वकिलांच्या भूमिकेची तत्त्वं ठरवली. त्यांनुसार अटकेपासून फार तर ४८ तासांत वकील भेटला पाहिजे. भेटीवर पोलिसांची नजर चालेल, कान नाही. अशिलाने केलेलं वकिलाला चिकटवू नये, हेही त्यांतच आहे.

अशीलही घोळ घालतात. लाज वाटते म्हणून वकिलापासून फोनवरचे संदेश लपवतात आणि ते भर कोर्टात सरकारी वकिलाच्या हातून बाहेर येतात. कुणी साक्षीदाराला 'समजवायला' जातो, मग जामीन रद्द व्हायची वेळ येते. गुन्हा कबूल करायचा का, हा निर्णय मात्र अशिलाचाच. पुरावा भक्कम असेल तर आम्ही ते तोंडावर सांगतो. मग लढाई शिक्षा किती यावर येते, आणि तिथे वय, आजारपण, भरपाईची तयारी यांचे कागद वेळेत जमवावे लागतात.