क्रिकेटचे भाव काढायची नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मुलगा बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टेलिग्रामवरून त्याला काम आलंय. क्रिकेट सामन्यांचे भाव, म्हणजे सट्ट्याचे दर, काढायचे, घरी बसून, महिना तीस हजार. पगारासाठी नवीन बँक खातं उघडून त्याचं एटीएम कार्ड आणि सिम त्यांच्याकडे द्यायचं. कंपनी दुबईची, त्यामुळे इथला कायदा लागत नाही म्हणतात. रेसकोर्सवर पैसे लावलेले चालतात, मग हे का नाही, असं मुलाचं म्हणणं. काय करू? – एक आई, अकोला

ताई, आधी त्या खात्याचं बोलते. कार्ड आणि सिम कुणाच्याही हातात जाऊ देऊ नका. सट्ट्याचा आणि फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. खातं आधीच दिलं असेल, तर आजच बँकेत जाऊन बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

रेसकोर्सबद्दल तो अर्धं बरोबर बोलतोय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींना १९१२ च्या परवाना कायद्याने वेगळी वाट दिली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. पण ती सवलत घोड्यांपुरती. क्रिकेटवर सट्टा घेण्याचा परवाना राज्यात कुणालाही मिळत नाही.

ऑनलाइनचं तर आणखी कडक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आहे, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. ड्रीम इलेव्हनने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. परदेशातून चालणाऱ्या सेवाही या कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे दुबईची ढाल उपयोगाची नाही. शिवाय या कायद्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही, तर खेळ चालवणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाव काढून देणारा पगारी माणूस कुठल्या बाजूला उभा आहे, हे त्याला शांतपणे विचारा.

त्याला रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती. विसाव्या वर्षी ज्याला शक्यतांचं गणित इतकं जमतं, त्याची समाजाला गरज आहे. विमा कंपन्या दुसरं काय करतात? जोखमीचा भावच काढतात. हे काम करणाऱ्याला अ‍ॅक्च्युअरी म्हणतात. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. ती बारावीनंतरही देता येते, म्हणजे तो आत्ताच बसू शकतो. पुढचे पेपर कठीण आहेत, वर्षं लागतात. पण नोकरी करत करत ते देता येतात.

क्रिकेट सोडवतच नसेल, तर संघांना विश्लेषक लागतात, राज्य संघटना स्कोअररच्या परीक्षा घेतात. मात्र सट्ट्याशी संबंध असलेल्या माणसाला तिथे कुणी उभं करणार नाही. क्रिकशीट या संकेतस्थळावर चेंडूगणिक आकडेवारी फुकट मिळते. या सुट्टीत त्याने त्यातून एक अभ्यास तयार करावा आणि मला पाठवावा. मी तो नक्की वाचेन.