एसयूव्हीमागे मोठा ट्रेलर डुलायला लागला तर काय करावं?

आधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि उलटसुलट स्टिअरिंग फिरवून सावरायलाही जाऊ नका, त्यानं डुलणं वाढतं. ब्रेक कंट्रोलर (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं उपकरण) असेल तर त्याच्या हातखटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावा, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो.

पण मूळ दुखणं बहुतेक वेळा सामान भरण्यात असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढे, ट्रेलर गाडीला जोडायच्या हुकवर यायला हवा. म्हणजे ३,००० किलोच्या ट्रेलरला ३०० ते ४५० किलो. मागच्या टोकाला सायकली टांगल्या किंवा चाकांमागची पाण्याची टाकी भरली की हा भार घटतो, आणि शेपूट हलायला लागते.

गाडी 'इतके किलो ओढते' या जाहिरातीतल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. हुकवरचा भार गाडीच्या पेलोडमध्येच, म्हणजे गाडीला स्वतःवर वाहता येणाऱ्या एकूण वजनातच मोजतात, माणसं आणि डिकीतल्या सामानासकट. एसयूव्हीचं गणित बहुधा इथेच फसतं. दाराच्या चौकटीवरचं पेलोडची मर्यादा सांगणारं स्टिकर वाचा, मग भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन बघा.